लायकेनचे नमुने: काढणं, वाळवणं, पाकीट, लेबल (कॉलेजच्या संग्रहासाठी माहिती हवी)

रानवाटा
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात डोंगरावरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाचा लायकेन (बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला जीव) संग्रह उभा करायचा आहे. फुलझाडांचं हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) आहे, पण लायकेनचं एकही पाकीट नाही. आवारातले आंबे, जांभळं, अंजनी, दगडी कुंपण आणि मागचा कातळ यांवर भरपूर लायकेन आहे. प्रश्न असे: काळ्या पाषाणाला चिकटलेलं कवचासारखं लायकेन काढायचं कसं? वाळवताना दाबावं का? लेबलवर काय काय हवं? रसायनांच्या चाचण्या कॉलेजात करता येतात का? आणि जादा नमुने मोठ्या हर्बेरियमकडे पाठवायचे तर रीत काय?

माझं मत असं की पावसाळ्यातच गोळा करावं. ओलं लायकेन मऊ असतं, तुटत नाही.

हस्तभिंग
धागा काढलात, फार बरं झालं. पावसाळ्याच्या मुद्द्यावर मात्र सहमत नाही. ओलं लायकेन मऊ असतं हे खरं, पण जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरावर हवेत एवढी ओल असते की पाकिटातला नमुना दोन दिवसांत बुरशी धरतो. ती पांढरी बुरशी फळांवर (बीजाणू तयार होतात त्या भागांवर) आधी चढते आणि ओळख पटवायला फळंच लागतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरा आणि पाण्याची फवारणीची बाटली सोबत ठेवा. पानासारखं पसरलेलं लायकेन कोरडं असताना ओढलं की कडा तुटतात. आधी पाणी फवारा, पाच मिनिटं थांबा, मग पातळ सुरी खालून सपाट सरकवा. खालची बाजू आणि तिथले रायझिन (चिकटून राहायचे बारीक तंतू) शाबूत यायला हवेत. पार्मोट्रेमा या पानासारख्या वंशात खालची कड काळी आहे की तपकिरी, तिथे रायझिन आहेत की उघडा पट्टा आहे, यावर ओळख ठरते.

झुडपासारखी उस्निया, रामालिना बुडासकट घ्या. उस्नियाचं बूड काळं पडलंय का हे पाहावं लागतं, नुसती टोकं कापून आणली तर तो नमुना निम्मा गेला.

जांभा
कातळाबद्दल. सपाट, ताज्या काळ्या पाषाणावर छिन्नी मारून उपयोग नाही. दगड फुटतो, पण त्याच्या आडव्या-तिडव्या खपल्या उडतात आणि लायकेनचा भुगा होतो. त्याऐवजी जिथे दगड कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो अशी झिजलेली जागा शोधा, दख्खनच्या पाषाणात ती जागोजागी मिळते. किंवा दगडाची कड, भेगेची धार. छिन्नी लहान घ्या, पात्याची रुंदी १२ ते १५ मिलिमीटर. ती पृष्ठभागाशी जवळपास समांतर धरायची, उभी नाही. लायकेनच्या कडेपासून दोन सेंटिमीटर बाहेर सुरुवात करा, हलके ठोके चारही बाजूंनी फिरवत द्या आणि शेवटचा ठोका द्यायच्या आधी वर कागद धरा, नाहीतर खपली उडून गवतात जाते.

लायकेनची कड नमुन्यात आलीच पाहिजे. कवचासारख्या जातींत कडेला काळी रेघ आहे का, कड पाकळ्यांची आहे का, हे मधल्या तुकड्यावरून कळत नाही.

सुमेधा_क
चष्मा! साधा नंबरचा नव्हे, बाजूने बंद असलेला सुरक्षा चष्मा. काळ्या पाषाणाची चिप काचेसारखी धारदार असते. विद्यार्थी बरोबर असतील तर ठोकणाऱ्यापासून बाकीचे दोन-तीन मीटर लांब.

अबोली
जांभ्या दगडावर उलटी अडचण. गोव्यात, सिंधुदुर्गात छिन्नी लावली की दगडच मातीसारखा विस्कटतो. तिथे तुकडा जाड घ्यावा, निदान दीड-दोन सेंटिमीटर, आणि घरी आणल्यावर तळाला पातळ केलेला पांढरा गोंद (एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी) शोषू द्यावा म्हणजे तो एकसंध राहतो. गोंद फक्त तळाला, लायकेनला थेंबही लागता कामा नये.

झाडाच्या सालीसाठी: फक्त वरची मेलेली साल. सुरी तिरकी धरून पातळ चकती काढायची. खाली हिरवा किंवा ओला थर दिसला तर तुम्ही फार खोल गेलात, झाडाला जखम झाली. काजूसारख्या गुळगुळीत सालीवर हे चटकन होतं. खूप जाड, भेगाळ सालीवर आधीच सुटत आलेली ढलपी निवडा.

सह्यभ्रमर
एक विनंती, ती सुरुवातीलाच झालेली बरी. कवचासारखं लायकेन वर्षाला एखादा मिलिमीटर वाढतं, अनेकदा त्याहून कमी. तळहाताएवढा डाग म्हणजे कित्येक दशकांची वाढ. ज्या जातीचा त्या जागी एकच डाग दिसतोय तो फक्त फोटोत घ्या, मोजपट्टी ठेवून. भरपूर असेल तर डागाचा काही भाग कडेसकट घ्यायचा, उरलेला वाढू द्यायचा. पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा अभ्यासाला पुरतो. दोन संस्थांना द्यायचा असेल तरच जास्त.

आणि जुन्या मंदिरांचे दगड, वीरगळ, शिलालेख, किल्ल्यांच्या तटबंद्या यांना छिन्नी अजिबात लावू नका. त्या लायकेनचा अभ्यास भिंग आणि कॅमेऱ्यानेच.

रानवाटा
@सह्यभ्रमर, पटलं. विद्यार्थ्यांच्या सूचनापत्रकात हेच पहिलं लिहिते. @जांभा, @अबोली, मनापासून आभार. आता वाळवणं आणि पाकीट?

घडीचा_कागद
जंगलात प्लास्टिकची पिशवी नको. त्यात तासाभरात वाफ धरते. कागदी पाकीट किंवा वर्तमानपत्राची पुडी, आणि पुडीवर तिथेच क्रमांक. संध्याकाळी घरी आल्यावर सगळ्या पुड्या उघडून पंख्याखाली, सावलीत. उन्हात नको, ओव्हनमध्ये तर नकोच.

कायमचं पाकीट ए-४ कागदाचं. कागद उभा ठेवा, तीन सारखे भाग करा. खालचा तिसरा भाग वर घ्या. मग दोन्ही बाजू तीन-तीन सेंटिमीटर मागे दुमडा. शेवटी वरचा तिसरा भाग पुढून खाली आणा. तयार पाकीट साधारण १५ बाय १० सेंटिमीटर, गोंद न लावता बंद राहतं आणि हवं तेव्हा पूर्ण उलगडतं. बाजू मागे दुमडलेल्या असल्यामुळे बारीक तुकडे सांडत नाहीत. पुढे आलेल्या पाळीवर लेबल. वेगळी चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा पाकिटाच्याच कागदावर छापा, ती सुटून हरवत नाही. जागा कळण्यासाठी एक कोरा कागद घडी घालून पेन्सिलीने खुणा करा आणि उलगडून प्रिंटची मांडणी ठरवा. लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई दमट हवेत फुटते. कागद आम्लरहित, जरा जाड, १०० जीएसएमच्या आसपास.

दगडाचा तुकडा असेल तर आत जाड पुठ्ठा आणि तुकडा मऊ टिश्यूत. नाहीतर धारदार दगड शेजारच्या पाकिटातलं नाजूक लायकेन चिरडतो.

हर्बेरियमवाली
दाबण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. फुलझाडांसारखं प्रेसमध्ये आवळायचं नाही. पानासारखं मोठं लायकेन किंचित दमट असताना टीपकागदात ठेवून वर एखादं पुस्तक, बस. रात्रभरात सपाट होतं.

हस्तभिंग
@हर्बेरियमवाली, इथे थोडा मतभेद. हेटेरोडर्मियासारख्या जातींत पाकळ्यांची टोकं वर वळलेली आहेत की सपाट, सोरेडिया (पिठासारखे कण) टोकाखाली आहेत की वर, हे पाहायचं असतं. पुस्तकाखाली ते सगळं सपाट होतं. दाबायचंच तर नमुन्याचा निम्मा भाग न दाबता ठेवा.

हर्बेरियमवाली
निम्मा भाग न दाबता, हे मान्य. पण सालीच्या चकत्यांना वजन हवंच. पातळ साल वाळताना आत वळते आणि वरचं कवच तडकून सुटतं. ग्राफिस या कवचासारख्या लायकेनची फळं म्हणजे काळ्या रेघा, त्या मधोमध फुटलेल्या दिसतात याच कारणाने. लेप्टोजियमसारखी जेलीदार लायकेन मात्र टीपकागदाला चिकटतात, त्यांच्याखाली बटर पेपर घाला.

मोजपट्टी
लेबल. यावर नमुन्याची किंमत ठरते, नाव चुकलं तर पुढचा माणूस दुरुस्त करेल, जागा चुकली तर कुणीच करू शकणार नाही.

"महाबळेश्वर" एवढं पुरत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, मग ओळखीच्या खुणेपासून दिशा आणि अंतर. अक्षांश-रेखांश दशांशात, चार अंक पुरेत, त्यात साधारण ११ मीटरची अचूकता येते. मोबाइल किती मीटरची चूक दाखवतोय तेही लिहा, दाट झाडीत ती वाढते. समुद्रसपाटीपासूनची उंची नकाशावरून ताडून पाहा, मोबाइलची उंची बरीच चुकते.

कशावर वाढलंय हा स्वतंत्र रकाना. "झाडावर" नको. "आंब्याच्या खोडावर, जमिनीपासून दीड मीटर, उत्तरेकडची बाजू, अर्धी सावली." दगड असेल तर काळा पाषाण, जांभा, सिमेंटचा गिलावा, काय ते. सिमेंटवरची आणि कातळावरची लायकेन वेगळी असतात, कारण सिमेंटमध्ये चुना आहे.

तारखेत महिना अक्षरांत. ०४/०५ म्हणजे एप्रिल की मे हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा स्वतःचा चालू क्रमांक, जो आयुष्यभर पुढे वाढत जातो. दरवर्षी पुन्हा १ पासून सुरू केला की गोंधळ ठरलेला.

मसालेवाली_काकू
वेगळा प्रश्न विचारू का? आम्ही गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे हेच ना? मग दुकानातली पुडी संग्रहात ठेवली तर? आणि जंगलातलं आणून मसाल्यात चालेल का?

हस्तभिंग
काकू, हो, तेही लायकेनच. बाजारातल्या पुडीत बहुधा पार्मोट्रेमाच्या जाती असतात, सोबत इतरही मिसळलेली. पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहा, एका पुडीत तीन-चार प्रकार सहज वेगळे काढता येतात. ती कुठल्या डोंगरातली हे कळत नसल्यामुळे परिसराची नोंद म्हणून तिचा उपयोग नाही. पण "बाजारातला नमुना" म्हणून दुकानाचं गाव, खरेदीची तारीख, विक्रीचं नाव लिहून वेगळ्या कपाटात जरूर ठेवावी, अशा संग्रहांनाही मोल आहे.

रानातलं आणून मसाल्यात मात्र नको. लायकेनला मुळं नसतात, ते हवेतूनच सगळं घेतं आणि रस्त्याकडेच्या धुरातले जड धातूही साठवतं. याच गुणामुळे हवेची प्रत तपासायला ते वापरतात. लायकेनचे अभ्यासक न्यूलांडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनवरून हे मांडलं होतं.

थेंबभर_के
आणि रसायनांच्या चाचण्यांची सुरुवातही न्यूलांडर यांचीच, तेही १८६६ मध्येच. लायकेनवर रसायनाचा थेंब द्यायचा आणि रंग बदलतो का ते पाहायचं, अशी ही चाचणी. आता कॉलेजात काय करता येतं ते सविस्तर.

'के' म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, १० ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात. प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. हवा लागली की हळूहळू कमजोर होतं, दर सहा महिन्यांनी नवीन करा. 'सी' म्हणजे साधं ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट, त्यात साबण वा रंग मिसळलेला नको. हे फार लवकर उतरतं, म्हणून दर वेळी आधी खात्रीच्या नमुन्यावर तपासायचं. पार्मोट्रेमा टिंक्टोरम आपल्याकडे विपुल आहे. त्याचा वरचा राखाडी थर ब्लेडने खरवडला की आत पांढरा मेड्युला दिसतो, त्यावर 'सी' टेकवताच लाल व्हायला हवा, कारण त्यात लेकॅनोरिक आम्ल असतं. लाल झाला नाही तर बाटली फेकून द्या. अशी मेलेली बाटली वापरून कितीतरी नमुन्यांवर "सी ऋण" (म्हणजे रंग बदलला नाही) लिहिलं जातं आणि ती नोंद पुढे तशीच वाहत राहते.

'के'साठी तसाच खात्रीचा नमुना पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम. मेड्युलावर थेंब पडला की आधी पिवळा, मग तुमच्या डोळ्यांदेखत कडेकडून गडद होत रक्तासारखा लाल. हे सॅलॅझिनिक आम्ल. इथे घाई करणारे पिवळा पाहूनच नोंद करतात. पूर्ण एक मिनिट थांबा. 'केसी'साठी त्याच जागी आधी 'के', टिपून घ्या, मग 'सी'.

चाचणी पाकिटातल्या नमुन्यावर करू नका. दोन मिलिमीटरचा तुकडा काचपट्टीवर घ्या, ओढून बारीक केलेल्या काचनळीने थेंब द्या, सूक्ष्मदर्शकाच्या कमी भिंगाखाली पाहा. वरच्या थराचा आणि मेड्युलाचा निकाल वेगळा लिहा. "के धन पिवळा" एवढंच लिहिलं आणि कुठल्या थराचा ते लिहिलं नाही तर त्या नोंदीचा उपयोग शून्य.

पेट्रीडिश
'पी' राहिलं. म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन. ते विषारी आहे, त्वचेवाटे अंगात जातं, कपड्यांवर आणि टेबलावर काळे डाग पाडतं. माझ्या मते पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हातात देऊच नये.

थेंबभर_के
@पेट्रीडिश, विद्यार्थ्यांच्या हातात नको, शंभर टक्के. पण संग्रहातून पूर्ण वगळलं तर स्टिक्टिक आम्लाच्या जाती अडतात, तिथे 'पी' नारिंगी हवाच. शिक्षकांनी स्टायनरचं द्रावण करून ठेवावं: १ ग्रॅम 'पी', १० ग्रॅम सोडियम सल्फाइट, १०० मिलिलिटर पाणी, थेंबभर भांडी धुण्याचा द्रव. महिनाभर तरी टिकतं. हवा खेचणाऱ्या कपाटाखाली, हातमोजे घालून, आणि वापरलेला टीपकागद बंद डब्यात. नुसते कण अल्कोहोलमध्ये विरघळवायची जुनी रीत टाळा, त्या कणांची धूळ उडते.

जांभळा_प्रकाश
स्वस्त आणि निर्धोक चाचणी कुणी सांगितलीच नाही! ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. ३९५ चा घेऊ नका, त्यात जांभळा उजेड एवढा असतो की चमक दिसतच नाही. आंब्यावर पिक्सिनी कोकोइस आणि डिरिनेरिया अ‍ॅप्लानाटा शेजारी-शेजारी वाढतात आणि साध्या डोळ्यांना सारखी राखाडी दिसतात. अंधारात टॉर्च मारा: पिक्सिनी लखलखीत पिवळी, त्यातल्या लिकझँथोन या रसायनामुळे, तर डिरिनेरियाला तो पिवळा उजाळा नाही. टॉर्चकडे थेट पाहू नका, एवढंच पथ्य.

कपाटातली_कीड
संग्रह उभा राहिला की दुसऱ्याच वर्षी पुस्तकी उवा आणि तंबाखूचा भुंगा. आमच्याकडे अजून डांबरगोळ्या टाकतात. चालतं ना?

हर्बेरियमवाली
डांबरगोळ्यांनी कीड जरा दूर राहते, मरत नाही. शिवाय त्या खोलीत रोज बसणाऱ्या माणसाच्या श्वासात ते जातं. गोठवणं उत्तम. पाकिटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड पक्कं बंद करा, उणे २० अंशांत आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही! आतलं सगळं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे साधारण एक दिवस, थांबायचं. आधी उघडली तर थंड कागदावर हवेतली ओल धरते आणि कीड मारता मारता बुरशी लागते. नमुना पूर्ण वाळल्यावरच गोठवा. नवीन आलेलं प्रत्येक पाकीट आधी फ्रीझरमध्ये, मग कपाटात.

फुलझाडांचे नमुने जुन्या पद्धतीत मर्क्युरिक क्लोराइडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवतात, ते लायकेनला कदापि करू नका. विषाचा मुद्दा आहेच, शिवाय अल्कोहोलमध्ये लायकेनची आम्लं विरघळून निघतात आणि मग वरच्या सगळ्या चाचण्या फसव्या ठरतात.

लेस्टरकर
परदेशातून वाचतोय. डिसेंबरात भारतात येणं होतं, तेव्हा कोकणात थोडे नमुने घेऊन इथल्या हर्बेरियमला देता येतील का?

मोजपट्टी
@लेस्टरकर, तसेच घेऊन जाऊ नका. जैवविविधता कायदा, २००२ नुसार परदेशी नागरिक, परदेशी संस्था आणि अनिवासी भारतीय यांनाही चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. इथल्या संस्थेबरोबर रीतसर काम आखलं तर मार्ग निघतो.

@रानवाटा, तुमच्या आवारात प्राचार्यांची लेखी संमती पुरे. राखीव वनात वनविभागाची परवानगी घ्यावी लागेल. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो, तिथे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय पानही उचलायचं नाही. परवानगीचा क्रमांक नोंदवहीत लिहून ठेवा.

हस्तभिंग
जादा नमुने कुठे द्यायचे: पुण्यात आघारकर संशोधन संस्थेचं अजरेकर कवक हर्बेरियम, त्याचं सांकेतिक नाव एएमएच. सह्याद्रीतल्या लायकेनवर तिथे अनेक दशकं काम झालंय. लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था, संकेत एलडब्ल्यूजी, तिथे धरणीधर अवस्थींनी जमवलेला मोठा संग्रह आहे. आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण. आधी पत्र किंवा मेल करून विचारा, न विचारता खोकं पाठवू नका. त्यांच्याकडून दाखल क्रमांक आला की तो तुमच्या पाकिटावर आणि नोंदवहीत चढवा. नवी जात निघाली तर मूळ नमुना अधिकृत भांडार-संस्थेत जमा करणं कायद्याने बंधनकारक आहे.

जादा नमुना म्हणजे त्याच वेळी, त्याच जागी, त्याच जातीचा, त्याच क्रमांकाचा. शेजारच्या झाडावरचा असेल तर क्रमांक वेगळा.

रानवाटा
खूपच उपयोगी. दोन शंका उरल्या. एकाच सालीच्या तुकड्यावर तीन-चार जाती असतील तर? आणि पुढे कुणाला डीएनए काढायचा असेल तर आत्ता काही वेगळं करून ठेवावं का?

थेंबभर_के
तुकडा तोडू नका. क्रमांक एकच ठेवून १०१अ, १०१आ असं करा, आणि पाकिटात साध्या पेन्सिल-आकृतीची चिठ्ठी ठेवा: कुठल्या कोपऱ्यात कोण. त्यातली एखादी फार महत्त्वाची असेल तर तिच्या नावाखाली मुख्य नोंद, बाकीच्यांची सोबतच्या जाती म्हणून.

डीएनएसाठी गोळा केल्याच्या दिवशीच स्वच्छ कडेचा नखाएवढा तुकडा, ज्यावर दुसरी बुरशी वा शेवाळ नाही असा, सिलिका जेलसोबत छोट्या नळीत. नळीवर तोच क्रमांक. वाळल्यावर फ्रीझरमध्ये. सिलिका नारिंगी सूचकाची घ्या, निळ्या सूचकात विषारी कोबाल्ट असतं. साध्या पाकिटातल्या लायकेनचा डीएनए काही वर्षांत इतका तुटतो की काम अवघड होतं.

जांभा
ग्राफिससारख्या जातींसाठी एक भर. नमुना घेतानाच दहापट भिंगाने रेघा पाहा. टोकं उघडलेली, आत करडी चकती दिसणारी पिकलेली फळं हवीत. कोवळ्या बंद रेघांत बीजाणू नसतात. कॉलेजात छेद घ्यायचा तर फळ पाण्याने ओलं करून नव्या ब्लेडने रेघेला आडवा छेद, जितका पातळ जमेल तितका. बीजाणू पाण्यातच मोजा, 'के'मध्ये ते फुगतात. मग कडेने आयोडीन सोडा, ग्राफिसचे बीजाणू निळे-जांभळे होतात. वापरलेले छेद आणि तोडलेलं फळ यांची नोंद पाकिटात, तारखेसह, म्हणजे पुढच्याला कळेल की फळ कुणी आणि का तोडलं.

घडीचा_कागद
कपाटाबद्दल राहिलं होतं. पाकिटं पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी लावा, लेबल पुढे, वंशाच्या नावाने अकारविल्हे. दगडांची पाकिटं मात्र वेगळ्या उथळ ट्रेमध्ये आडवी, एकावर एक न ठेवता. उभ्या खोक्यात त्या जागी त्याच क्रमांकाचं रिकामं पाकीट लावा, "दगड, ट्रे ३" असं लिहून.